पडवीतली सोनेरी पट्टी

दगडांतलं मला कळतं, असा आमच्या घरात एक समज आहे. तो पसरवला मीच. कल्याणच्या कचेरीत बसून लोकांच्या पत्रांवर शिक्के मारणाऱ्या माणसाला दगडांतलं काय कळणार, असं कुणी विचारलं नाही, कारण विचारायला मी जागाच ठेवत नाही. माझं बोलणं सुरू झालं की आमच्याकडे बायका भांडी घासायला उठतात आणि पुरुषांना गोठ्यातलं काहीतरी आठवतं. "दादा सुरू झाला," असं धाकटा भाऊ हळूच बोलतो. ते मला ऐकू येतं. तरी मी थांबत नाही.

तेव्हा जुनं घर उतरवून नवीन बांधायचं ठरलं, आणि घराच्या तोंडावर कुठला दगड लावायचा ते मी ठरवणार, हे ओघानंच आलं.

आमचं गाव शहापूर-मुरबाड रस्त्याला, थोडं आत. पोरांच्या शिक्षणापायी मी कल्याणला भाड्याच्या घरात राहतो. शनिवारी गावी यायचं, रविवारी संध्याकाळी पिशवीत भाजी भरून परत. धाकटा गावातच. वाशिंदच्या एका कारखान्यात पाळीवर जातो, मोटरसायकलनं. आई गावी. आई 'त्याच्याकडे' असते असं आम्ही तेव्हा म्हणत नव्हतो. आई घरात असते, असं म्हणत होतो.

बांधकामाचं बोलणं झालं त्या दिवशी भावानं एक वाक्य टाकलं. "दादा, आत काय पन असू दे. दोन चुली करू, दोन दारं करू, बायांचं बायांना बरं पडतं. पन पडवी एकच ठेवायची."

हे वाक्य मी पुढे कचेरीत, गाडीत, सासुरवाडीला, जिथे म्हणून ऐकणारा सापडला तिथे ऐकवलं. आजकालच्या दिवसांत असं बोलणारा धाकटा कुणाला मिळतो? मला नवीन घरात खरं तर तेवढंच हवं होतं. दोन दारांच्या मध्ये भिंतीला पाठ टेकून आई बसणार, पुढ्यात सूप, आणि शनिवारी मी पायरी चढलो की दोन्हीकडची पोरं तिथेच हुंदडत असणार. बाकी खोल्या किती, मोरी कुठे, जिना कुठून, हे सगळं मी भावावर सोडलं. तो जागेवर होता. मी शनिवारचा माणूस. पडवी एक आणि तिच्या भिंतीचा दगड माझ्या पसंतीचा, एवढी माझी अट. भावानं ती लगेच मान्य केली. मान्य करताना तो थोडा जास्तच लगेच बोलला, हे मला आता वाटतं. तेव्हा मला वाटलं, पोरगा समजूतदार आहे. पोराचं वय तेव्हा चाळिशीच्या पुढे होतं.

आपल्याकडचा दगड म्हणजे काळा फत्तर. तो जोत्याला चालतो, पाट्या-वरवंट्याला चालतो, बांधाला चालतो. शोभेला घ्यावा असं कुणाच्या मनात येत नाही, कारण तो दारात फुकट पडलेला असतो. शोभेचा दगड लांबून यावा लागतो, सोयऱ्यासारखा. म्हणून आम्ही हायवेला एका दगडवाल्याच्या आवारात गेलो. तिथे चपट्या फरश्या आणि पट्ट्या, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारख्या, भिंतीला टेकून उभ्या होत्या. सगळ्या धुळीनं एकाच रंगाच्या. मी चेहरा गंभीर करून एकीवर बोटानं टकटक केली. दगडावर टकटक करून काय कळतं ते मला माहीत नव्हतं, पण दुकानदार लगेच अदबीनं उभा राहिला.

त्यानं डबड्यातलं पाणी उचललं आणि एका फरशीवर फेकलं. ती राखाडी, मेलेली फरशी एकदम जिवंत झाली. काळी, त्यात हिरवट झाक, मध्येच गंजासारखा तांबूस ओघळ. "स्लेट है, साहब. पाटी का पत्थर."

मी हरलो. ज्या दगडावर मुळाक्षरं गिरवली तोच हा. शाळेत पाटी थुंकीनं पुसली की अशीच काळीभोर दिसायची. आणि थुंकी वाळली की पुन्हा पांढुरकी व्हायची, हेही पहिलीतल्या पोराला माहीत असतं. पन्नाशीला आलेल्या माणसाच्या ते लक्षात आलं नाही. दुकानदार प्रत्येक दगडावर पाणी मारत गेला आणि मी प्रत्येक ओल्या दगडाला मान डोलावत गेलो. ज्या रंगाचं घर मी त्या दिवशी पसंत केलं, तो रंग वर्षातले चार महिने पावसात दिसणार होता.

भाऊ मागे उभा होता. तो दुसऱ्याच एका ढिगापाशी गेला. तिथे सोनेरी पट्ट्या होत्या, अभ्रकाच्या, उन्हात मासोळीच्या खवल्यांसारख्या चमकणाऱ्या. हातात घेतलं तर बोटांना चमचम लागायची आणि नखानं पापुद्रा सुटायचा.

"दादा, सगळीकडं काळं कशाला? मदी एक पट्टी सोनेरी घेऊ. वरपासून खालपर्यंत. एका विटेच्या रुंदीची."

शोभेची पट्टी विटेच्या मापानं का मोजायची, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मला वाटलं, ह्याला अखेर सौंदर्याची जाण आली आणि ती माझ्या संगतीनं आली. घरी येऊन मी बायकोला हे सांगितलंसुद्धा. ती बोलली, "अहो, भावजींना? घराला रंग कुठला द्यायचा विचारलं तर 'पांढरा' म्हणणारे ते." मी तिला बोललो, माणूस बदलतो.

दगड लावणारा मिस्त्री राजस्थानकडचा, अबोल. मी शनिवारी गेलो तेव्हा त्याचं निम्मं काम झालं होतं. काळ्या स्लेटच्या तुकड्यांना मागून तो मसाला भरभरून थापत होता, एकेक तुकडा मुठीनं ठोकत होता. सोनेरी पट्टीला मात्र नुसते ठिपके. चार बोटं टेकवावीत तेवढेच.

"इसको इतना कम क्यों?" मी विचारलं.

मिस्त्रीनं माझ्याकडे न बघता भावाकडे बघितलं. भाऊ बोलला, "तो दगड हलका आसतो ना, दादा."

"बरोबर," मी बोललो. "पापुद्र्याचा दगड हा. जास्त मसाला लावला तर त्याचा श्वास कोंडतो."

हे ज्ञान मला कुठून झालं ते आजही सांगता येणार नाही. मिस्त्री थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग पुन्हा कामाला लागला. अजून एक गोष्ट होती. काळ्या तुकड्यांचे सांधे एकमेकांवर चढवलेले, विटांच्या बांधकामासारखे, पण सोनेरी पट्टीशी आले की दोन्ही बाजूंचे तुकडे सुरीनं कापल्यासारखे सरळ थांबत. डावीकडचा एकही तुकडा उजवीकडे गेलेला नव्हता. मला ते फार आवडलं. मी त्याला 'सफाई' म्हटलं.

काम संपलं, पण दगडावर लॅकर मारलं नाही. ते मारलं तर स्लेट कायम ओली दिसते, असं दुकानदारानं सांगितलं होतं. भाऊ बोलला, "लॅकर मागनं मारू. काम पुरं झालं की." काम तर झालंय, असं मी बोलणार होतो. पण तेवढ्यात कुणीतरी चहा आणला.

गृहप्रवेशाला वंदना ठेवली. भंतेजी आले, पांढऱ्या साड्या नेसून गावातल्या बाया आल्या. पडवीत टेबलावर बुद्ध-बाबासाहेबांच्या दोन्ही तसबिरी, झेंडू, मेणबत्त्या, आणि मागे आमची भिंत. भावकीतली चार जाणती माणसं पुढे बसवली होती. वैशाखऱ्याहून मामा आला होता, आईचा भाऊ, मोठ्या आवाजाचा, आणि त्याच्या शेजारी आई. त्रिशरण-पंचशील झालं, आणि जेवायच्या आधी थोडा मोकळा वेळ उरला. मोकळा वेळ आणि बसलेली माणसं एकत्र दिसली की माझ्यानं राहवत नाही.

मी भिंतीपाशी उभा राहिलो. स्लेट म्हणजे काय ते सांगितलं: पाण्याच्या तळाशी बसलेला गाळ, त्यावर डोंगराचा भार, दाबून दाबून त्याची पाटी झाली. मग सोनेरी पट्टीवर आलो. हा शिस्ट. हासुद्धा तोच गाळ, फक्त आणखी खोल गेला, जास्त दाबला, जास्त तापला, म्हणून चमकायला लागला. दोन्ही एकाच चिखलाची पोरं. एक शिकलं, एक तापलं. यावर लोक हसतील असं मला वाटलं होतं. कुणी हसलं नाही. सगळे फार लक्ष देऊन ऐकत होते. माझं कुणी एवढं ऐकलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो, त्यामुळे मला जोर चढला. मी स्टुलावर चढलो, छताशी हात टेकवला आणि पट्टीवरून तळवा वरपासून खालपर्यंत फिरवत आणला, थेट फरशीपर्यंत, वाकून.

"दिसली का सगळ्यांना?" मी विचारलं.

भाऊ मागे खांबाला टेकून उभा होता. "दिसली, दादा," तो बोलला. मोठ्यानं बोलला. एरवी तो इतक्या मोठ्यानं बोलत नाही.

मग खीर वाटली. पहिली वाटी माझ्या हातून भावाला दिली. त्यानं ती उभ्या उभ्या संपवली. आईनं पदर डोळ्यांना लावला, तेव्हा मला वाटलं, बाबांची आठवण आली असेल. मामानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि बोलला, "भाच्या, मन मोठं लागतं याला." दगड निवडायला मन कशाला मोठं लागतं, असा विचार मनात आला, पण स्तुती कोण परत करतं.

त्यानंतर काही महिने गाव माझ्याशी वेगळं वागत होतं. टपरीवर बसलेली माणसं सरकून जागा द्यायची. एक म्हातारा बोलला, "तुज्यासारका थोरला पायजे घरात." मी हा सगळा मान स्लेटच्या खात्यावर जमा करत होतो. फक्त आई बदलली होती. पूर्वी मी आलो की भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढ्यात यायची. आता ती म्हणायची, "तुज्या दारात झाकून ठेवलंय." तुझ्या दारात. मला वाटलं, दोन दारं झाली म्हणून बोलण्यात आलं. तिचं बसणं मात्र तिथेच होतं, दोन दारांच्या मध्ये, सोनेरी पट्टीला पाठ लावून. उठली की पाठीवर, लुगड्याच्या काठावर चमचम लागलेली असायची. मला ते बघून बरं वाटायचं. आता वाटतं, ती मुद्दामच तिथे बसत होती.

मग एका शनिवारी पायरी चढलो आणि बघितलं तर पट्टी नव्हती. भिंतीत वरपासून खालपर्यंत एका विटेची खाच होती. सोनेरी तुकडे कोपऱ्यात रचून ठेवलेले, एकही न फुटता निघालेले. पडवीच्या फरशीवर, खाचेपासून पायरीच्या दिशेनं, दोरी ताणलेली, आणि विटांचे पहिले थर चढलेले. तोच मिस्त्री गुडघ्यावर बसून ओळंबा धरत होता. आई दिसत नव्हती.

"ये क्या है?"

"दीवार, साब." तो सरळपणे बोलला. "उस टाइम ही बोला था भाई साब ने, इधर बाद में दीवार आएगी, पत्थर अंदर मत जोड़ना, निकालने का रखना." मग माझा चेहरा बघून त्याला वाटलं असावं की मला त्याच्या कामाबद्दल शंका आहे. "एक भी नहीं टूटा, साब. आपने बोला था ना, ज़्यादा मसाला नहीं."

भाऊ मागच्या दारी मोटरसायकल धूत होता. पाण्याची नळी तशीच चालू ठेवून बोलला, "तुला सांगनारच होतो. फोन लागत नव्हता."

"फोन? पडवी एक ठेवायची, असं तूच बोलला होतास."

"बोललो होतो. मंग तूच चार मान्सांत दाखवलीस की. हात फिरवून दाखवलीस, वरपासून खालपर्यंत. मी दिसली बोललो. तुज्या हातची खीर खाल्ली. आता काय राह्यलं?"

तिथे, नळीच्या पाण्यात चप्पल भिजवत उभं असताना, मला सगळं एकदम कळलं. त्यासाठी मला आमच्या भावकीतली एक रीत सांगितली पाहिजे. भावांच्या वाटण्या होतात तेव्हा थोरल्यानं चार जाणत्या माणसांसमोर हद्द दाखवायची. बोट नाही करायचं, अंगानं दाखवायची. बाबांनी चुलत्याला शेत वाटून दिलं तेव्हा ते अनवाणी त्या रेषेवरून या बांधापासून त्या बांधापर्यंत चालत गेले होते, पाय घासत. मी शेजारी उभा होतो. शेवटाला त्यांनी विचारलं, "दिसली का?" चुलता बोलला, "दिसली." मग बाबांनी स्वतःच्या हातानं त्याला गुळाचा खडा दिला आणि तो त्यानं खाल्ला. झालं. त्यानंतर त्या हद्दीवरून कुणी बोलत नाही. थोरल्यानं दाखवली, धाकट्यानं पाहिली, गोड खाल्लं. ते मोडणाऱ्याच्या घरी भावकी मर्तिकालासुद्धा उशिरा येते.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला सगळं माहीत होतं. शेताची रीत भिंतीला, काळ्या-सोनेरी शोभेच्या दगडाला, भाषणाच्या ओघात लागू पडेल, हे मात्र माझ्या डोक्यात शिरलं नाही. पडवीत बसलेल्या झाडून सगळ्या माणसांना ती पट्टी कशासाठी आहे ते ठाऊक होतं. गावात भिंत बांधणाऱ्याच्या आधी भिंतीची बातमी येते. ठाऊक नव्हतं ते फक्त स्टुलावर चढलेल्या माणसाला.

"मला ठाऊक नव्हतं," मी बोललो. "तू बघत होतास. मला ठाऊक नाही, हे तुला दिसत होतं."

भावानं नळी बंद केली. "दिसत होतं."

"मग थांबवलं का नाहीस?"

"कसं थांबवू? तू बोलतच होतास." नळी गुंडाळत तो बोलला, "आनि थांबवलं असतं तर तू नायच बोलला असतास. दादा, तू शनवारचा. पडवी रोज आमी झाडतो. तुजी मान्सं येतात, तुजं भाषन होतं, आमच्या बायकोनं चा करायचा. माजी पोरं मोठी झाली. मला माजं दार पायजे."

यातलं काहीच खोटं नव्हतं. हे त्यानं पहिल्या दिवशी मला तोंडावर सांगितलं असतं, तर मी आठ दिवस रुसलो असतो, मग एखादं भाषण केलं असतं आणि हो म्हटलं असतं. मला खुपलं ते वेगळंच. पट्टी त्यानं माझ्याच पसंतीत सरकवली. माझ्या वाईट खोडीचा त्याला इतका पक्का भरवसा होता, की त्यानं तिच्यावर घर बांधलं. इतकी वर्षं 'दादा सुरू झाला' म्हणून हसणारा माझा भाऊ, एक दिवस मला सुरू होऊ देऊन गप्प उभा राहिला.

आई मागच्या अंगणात पार टोकाला चिंचा फोडत होती. मी जाऊन शेजारी बसलो.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"भिंतीचं."

"तुज्याच मनात हाय बोलला तो." आई चिंचेवरून नजर न काढता बोलली. "दादाला येगळं पायजे, पन तोंडानं बोलायला लाजतो, बोलला. मला वाटलं, खोटं आसंल. मंग तू स्टुलावर चडलास." तिनं पुढची चिंच घेतली. "तुजा बा रेघ दाखवून आला शेतावरून, तो रातीला जेवला नव्हता. तू हसत होतास रे."

गृहप्रवेशापासूनचे सगळे शनिवार माझ्या डोळ्यांसमोरून गेले. तुझ्या दारात ठेवलंय. ती माझ्यावर रुसली नव्हती. मी तिच्या मनातून उतरलो होतो.

"आई, मला खरंच माहीत नव्हतं गं. मी दगडाबद्दल बोलत होतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा पटलं नाही, ते दिसलं. मग हळूहळू पटत गेलं, तेही दिसलं. पन्नास वर्षं ती मला ओळखत होती. शेवटी ती बोलली, "येवडं शिकलास, आनि सगळ्या गावाला ठावं ते तुला नाय." आणि तिला हसू आलं. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. या वेळी बाबांची आठवण वगैरे मी काही धरलं नाही.

"मी चार माणसांना बोलावतो," मी बोललो. "सांगतो सगळं. मला माहीत नव्हतं म्हणून सांगतो. भिंत थांबेल."

आईनं चिंचेचे हात लुगड्याला पुसले. "नको."

"का?"

"तुज्यावर हसतील, ते हसतील. त्याचं काय व्हईल? थोरल्याला फसवला बोलतील त्याला. त्याच्या पोरीला स्थळ बगतात आता." ती उठली. "तू गप ऱ्हा. तुला नाय जमायचं, पन गप ऱ्हा."

तर मी गप्प राहिलो. मला तिनं हयातीत पहिल्यांदा काम सांगितलं ते हे, आणि तेही धाकट्यासाठी. भावानं फसवलं त्याचा राग यायला वेळ लागला नाही. आईचा राग येऊ नये एवढ्यासाठी मात्र बरेच शनिवार घालवले.

भिंत झाली. आईनं मिस्त्रीला एकच गोष्ट सांगितली: पायरीच्या अलीकडे हातभर थांब. भाऊ बोलला, पाऊस आत येईल. ती बोलली, येऊ दे. आता ती पायरीवर बसते, भिंतीच्या टोकाला पाठ टेकून, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. दोघांशी एकदम बोलायचं झालं तर समोर रस्त्याकडे बघून बोलते.

भावानं त्याच्या बाजूला लॅकर मारलं. काम पुरं झालं होतं ना. त्याची स्लेट बारा महिने ओली दिसते, काळी-हिरवी, दुकानात पाहिली तशी. माझी बाजू वाळलेल्या पाटीसारखी पांढुरकी. लॅकरचा डबा आणणं काही अवघड नाही. मी आणत नाही. शनिवारी आलो की तांब्यानं भिंतीवर पाणी मारतो. थोडा वेळ दोन्ही बाजू एका रंगाच्या होतात. मग उन्हानं माझी पुन्हा उडते. सोनेरी तुकडे आई वापरते. एक रांजणावर झाकण आहे, एक कोंबड्यांच्या खुराड्याला. पोरं त्याची चमचम गालाला लावून नाचतात, दोन्हीकडची.

गेल्या शनिवारी मामा आला वैशाखऱ्याहून. पायरीवर आईशेजारी बसला आणि पाणी पिऊन झाल्यावर मला बोलला, "भाच्या, तुज्याकडंच काम हाय. माजी दोन पोरं. आता एकत्र नाय नांदत. घर वाटून द्यायचं हाय. माजं आयकत नाय, तू ये. थोरल्याला समजाव, रेघ दाखवताना शेजारी उबा ऱ्हा. तुज्यासारकी कुनी नाय दाखवली. हसत हसत दाखवलीस रे तू. आमच्याकडं अजून बोलतात."

मी आईकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती.

भिंतीपलीकडे टीव्ही चालू होता. तिथून भावाचा आवाज आला, "जा ना, दादा. तू चांगलं सांगतोस."

मामा हसला. मीही हसल्यासारखं केलं. मला आता ते येतं.

आईनं सुपातला एक खडा उचलला, बघितला आणि अंगणात टाकला. मग समोर रस्त्याकडे बघत, दोन्ही दारांत ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "जाशील तर आदी थोरल्याला बाजूला घे. त्याला इचार, ही रेघ कशाला हाय ते तुला ठावं हाय का. त्याला ठावं आसंल, तरच दाखवू दे."

"आता घ्या," मामा बोलला. "घरातला थोरला तो. त्याला ठावं नसंल व्हय?"

"आसतात आसे," आई बोलली.

मामा एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. त्याला काय कळलं, काय नाही, मला सांगता येत नाही.

"येतोस ना मंग?" त्यानं विचारलं.

"येतो, मामा."

आईनं सूप पाखडलं. पलीकडे टीव्हीचा आवाज मोठा झाला.